गांजा, उलट्या आणि कढत पाणी

मंडळी, मदतनिधीच्या पुस्तिकेत गांज्यावर लेख पाहून काही काका-काकूंच्या भुवया उंचावतील, ह्याची आम्हांला कल्पना आहे. पण कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही तो दुकानात जाऊन विकत घेता येतो. आपली मुलं (आणि खरं सांगायचं तर मुलांचे काही बाबाही) ह्याच गावात राहतात. आम्ही काही डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाले. हा सगळा अभ्यास करावा लागला तो एका मित्रामुळे. त्याच्या परवानगीने, नाव न घेता लिहितो आहोत.

मित्र इंजिनीअरिंग कॉलेजपासूनचा. इथे आल्यावर 'झोप यावी म्हणून' सात-आठ वर्षं रोज रात्री ओढायचा. मग सकाळची मळमळ सुरू झाली आणि पुढे दर दीड-दोन महिन्यांनी दोन-दोन दिवस उलट्या. इमर्जन्सीच्या तीन फेऱ्या, सलाईन, सीटी स्कॅन, पोटात दुर्बीण. पित्ताशय काढायचंही बोलणं झालं. बिलांचं विचारूच नका! बरं वाटायचं ते फक्त कढत पाण्याच्या शॉवरखाली, तेही तासन्‌तास. शेवटी एका नर्सने विचारलं, "गरम पाण्याने बरं वाटतं का? गांजा ओढता का?" तोवर फॉर्मवरच्या त्या प्रश्नापुढे तो दर वेळी 'नाही' लिहीत आला होता. व्हिसाची भीती, इन्शुरन्सची भीती आणि शेजारच्या खुर्चीत बायको.

ह्या दुखण्याचं नाव कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा नीट मांडलं आणि कढत अंघोळीची खूणही तेव्हाच टिपली. गंमत अशी, की गांज्यातलं मुख्य द्रव्य टीएचसी हे केमोथेरपीच्या रुग्णांची मळमळ थांबवायला औषध म्हणून देतात. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांपैकी काहींच्या शरीरात मात्र गाडं उलटं फिरतं. उलटीवरची नेहमीची औषधं बहुतेक वेळा चालत नाहीत. मिरचीतल्या तिखट द्रव्याचं मलम पोटावर चोळल्याने काहींना आराम पडतो, कारण उष्णता आणि तिखट शरीराला एकाच मार्गाने जाणवतात. कायमचा उपाय एकच, पूर्ण बंद करणं. ओढत राहिलं तर उलट्यांनी शरीरातलं पाणी इतकं कमी होतं की मूत्रपिंडांवर बेततं.

"आमच्याकडे महाशिवरात्रीला आजोबासुद्धा भांग घ्यायचे," असं कोणीतरी म्हणणारच. भांग ही पानांची, तीही वर्षातून एखाद्या दिवशी. गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा. अमेरिकेत पकडलेल्या मालात १९९५ साली सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. दुकानातल्या मेणासारख्या अर्कात तर ६० टक्क्यांच्या वरही असतं. आजोबांचा हिशेब इथे लागू पडत नाही.

हृदयाचं प्रकरण आम्हांला जास्त काळजीचं वाटतं. ओढल्याबरोबर नाडी वाढते हे जुनंच ज्ञान. २०२४ साली अमेरिकेतल्या सुमारे ४,३०,००० प्रौढांच्या माहितीचा अभ्यास आला. त्यात रोज घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकची शक्यता २५ टक्के आणि पक्षाघाताची ४२ टक्के जास्त दिसली. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे, हे आम्हां इंजिनीअर लोकांना कळतं. पण तंबाखू कधीच न ओढलेल्यांमध्येही वाढलेला धोका दिसला. आणि आपण भारतीय वंशाचे लोक तसेही हृदयविकाराच्या तावडीत लवकर सापडतो.

फुप्फुसांचं चित्र मिश्र आहे. गांजा ओढणारा धूर खोल घेतो आणि कोंडून ठेवतो. १९८८ सालच्या एका अभ्यासात सिगारेटच्या तुलनेत सुमारे तिप्पट टार आत जातो असं दिसलं. दीर्घकाळचा खोकला, कफ, ब्रॉंकायटिस ह्यांचा पुरावा भक्कम आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरशी मात्र तसा संबंध सापडला नाही, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालात म्हटलं आहे. हेही मुलांना सांगावं. उगाच बागुलबुवा केला तर ती आपलं बाकीचं खरंही ऐकणार नाहीत.

ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून तर हे मुळीच लपवू नये, कारण भुलेच्या औषधाचं प्रमाण त्यावर बदलू शकतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरकडची माहिती कायद्याने गोपनीय असते. (ग्रीन कार्डसाठीची तपासणी ही निराळी गोष्ट, तिच्याबद्दल आधी वकिलाला विचारा.)

मित्राने बंद केलं. पहिले दोन आठवडे झोप नाही, घाम, चिडचिड. वहिनींनी खूप सोसलं. आता दीड वर्ष झालं, एकही उलटी नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मध्यंतरात मंडळातल्या दोन डॉक्टर मैत्रिणी चहाच्या टेबलापाशी बसणार आहेत. कोणाचं नाव विचारणार नाहीत. मित्रही तिथेच असेल, चहा वाटायला.