बाटलीच्या आधी पाणी

अगं, आजोबांची रेकॉर्डींची पेटी तुझ्याकडे आली हे फार बरं झालं. पण त्यांवर लावायला प्रिझर्व्हेटिव्हची, म्हणजे खाच टिकवणाऱ्या द्रवाची, जी बाटली तू अमेरिकेहून मागवायला निघाली आहेस, तिला चार दिवस थांबव. आधी पेटीतल्या रेकॉर्डी वेगळ्या कर. जड, ताठ, पडली की फुटणारी ती ७८ ची, लाखेची. हलकी, हातात किंचित वाकणारी ती व्हायनलची, म्हणजे एल.पी. आणि ई.पी. दोघींना एक औषध चालत नाही.

लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट, कोलोन, हँड सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. तकाकी जाते आणि तिच्याबरोबर बालगंधर्वांची जागाही जाते. ओलसर मऊ फडकं फिरवायचं, लगेच कोरडं करायचं, भिजत ठेवायचं नाही. व्हायनलची बाटली इकडे फिरकूच द्यायची नाही.

आता व्हायनल. तुझ्या त्या ‘लास्ट’सारखं प्रिझर्व्हेटिव्ह घर्षण आणि झीज कमी करतं असा कंपनीचा दावा आहे. लावणारे जुने शौकीन त्याची तारीफ करतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण धूळ बसलेल्या रेकॉर्डवर ते लावणं म्हणजे मळलेल्या शर्टाला इस्त्री करणं. खाचेतला कचरा तिथेच राहतो आणि सुई तो पुन्हा पुन्हा रगडत राहते. म्हणून आधी धुणं. ते नीट झालं की निम्म्याहून अधिक काम झालं, आणि माझ्या मते बऱ्याच घरांत पुढची बाटली लागतच नाही.

नळाचं पाणी नको, बोअरचं तर मुळीच नको. वाळलं की त्यातले क्षार खाचेत राहतात. डिस्टिल्ड पाणी घे, त्यात बिनवासाच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाक. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरव; आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण पूर्ण काढ, आणि ताटाळ्यात ताटं ठेवतो तशी उभी करून सावलीत वाळव. पावसाळ्यात पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. ती घरात झटकायची नाही. बाल्कनीत, नाकाला रुमाल बांधून काढायची, मग धुवायचं. खोबरेल तेल, शिवणयंत्राचं तेल, डब्ल्यूडी-४० लावून चमकवणारे लोक तुला भेटतील. चकाकी येते खरी, पण दुसऱ्या दिवशी त्यावर घरातली सगळी धूळ चिकटलेली असते. आणि ओली रेकॉर्ड वाजवायची सवय लावून घेऊ नकोस; वाळलेला गाळ पुढच्या वेळी खरखरतो.

सुईचं मात्र मी जास्त सांगणार आहे. वीस मिनिटांच्या एका बाजूत ती चारशे मीटरहून जास्त धावते. हिरा असला तरी त्याला आयुष्य आहे, साधारण ५०० ते १००० तास. बारीक ब्रश मागून पुढे फिरवायचा, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेने सुईखालून सरकते त्याच दिशेने. उलटा फिरवलास तर कँटिलिव्हर, म्हणजे हिरा धरणारी काडी, वाकेल; ती फार नाजूक असते. ‘स्टायलास्ट’सारखं सुईचं द्रव वापरायचंच असेल तर ब्रशचं टोक जेमतेम ओलं कर, बाटलीत बुडवून टपकवू नकोस. जास्त झालेलं द्रव काडीवरून वर चढतं आणि आतल्या रबरी आधारापर्यंत पोचतं. ते रबर खराब झालं तर नवीन हिराही उपयोगी पडत नाही. हिरा चिकटवलेला असतो हेही लक्षात ठेव. कडक अल्कोहोल रोज लावलं तर तो गोंद कमजोर होऊ शकतो.

झिजलेल्या सुईला कुठलंही औषध नाही. ती खाच कापत जाते, आणि कापलेली खाच प्रिझर्व्हेटिव्हने भरत नाही. ‘स’ आणि ‘श’ फुटायला लागले, गायकाचं ‘सा’ शेवटच्या ट्रॅकला घोगरं झालं, की सुई बदल. बाटलीचे पैसे तिथे घाल.

७८ ची सुई वेगळी असते. तिच्या खाचा रुंद. एल.पी.ची बारीक सुई तिथे तळाला जाऊन कचऱ्यात घासते. जुन्या पोर्टेबल प्लेअरांच्या कार्ट्रिजवर सुई उलटवायची छोटी कळ असते, ती वाजवण्याआधी बघून घे. चावीच्या ग्रामोफोनवर तर पोलादी पिन. तिथे दर बाजूला नवी. ती जड साउंडबॉक्सची पिन चुकूनही व्हायनलवर ठेवू नकोस, एका वाजवण्यात खाच खरवडते.

आणखी एक. कव्हरावर ती जाड, मऊ, वास येणारी प्लास्टिकची पिशवी घालून वर्षानुवर्षं ठेवू नकोस. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ रेकॉर्डमध्ये उतरतो, वर दुधाळ डाग पडतो आणि मग कितीही धुतलं तरी आवाजात फसफस राहते. पातळ पॉलिथिनची चालते. उभी ठेव, तिरकी नको. बाटली तरीही आलीच तर पहिला थेंब आजोबांच्या आवडत्या रेकॉर्डवर नको. रद्दीवाल्याकडून एखादी घासलेली एल.पी. आण आणि तिच्यावर करून बघ.