दिवसा सोने, रात्री मिठाई

आपल्या मराठी माणसांनी नांदवलेली पुष्कळ शहरे महाराष्ट्राबाहेर आहेत. इंदूर हे त्यांतलेच एक. ते मध्य प्रदेशात, माळव्यात आहे. नीरा नदीकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर तुम्हांला ठाऊक असतील. धनगराच्या घरात जन्मलेला हा मुलगा पुढे पेशव्यांचा मोठा सरदार झाला. इंदूरचा राजवाडा त्यांच्याच वेळचा. त्याला सात मजले आहेत. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरास आली.

या राजवाड्याच्या शेजारीच सराफा बाजार आहे. सराफा म्हणजे सोन्याचांदीच्या दुकानांची पेठ. दिवसा इथे पाटल्या, जोडवी, पैंजण यांची खरेदी चालते. रात्री आठ-नऊ वाजले की सराफ दुकानांना कुलपे लावतात. मग त्याच दुकानांपुढे कढया येतात, शेगड्या पेटतात आणि तुपाचा वास सुटतो. दिवसाचा सोन्याचा बाजार रात्री खाऊचा बाजार होतो. मध्यरात्र उलटली तरी माणसे खातच असतात!

सराफांना हे कसे चालते? तिथले लोक सांगतात, “रात्री माणसांचा राबता असला, की दुकानांची राखण आपोआप होते.”

आता तिथे काय काय मिळते ते पाहू. मक्याची कोवळी कणसे किसून, फोडणीला टाकून, दुधात शिजवतात. त्याला भुट्ट्याचा कीस म्हणतात. मका आपल्या शेतातही होतो. हा पदार्थ आपल्याला घरीही करता येईल. थंडीत गराडू मिळतो. हा आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. त्याच्या फोडी तळून वर मसाला आणि लिंबू घालतात. साबुदाण्याची खिचडी तर आपल्या ओळखीची. पण इथे ती वाफेवर ठेवतात आणि वरून मसाला, शेव घालून देतात.

गोड खाणाऱ्यांची तर चंगळच. मालपुवा आहे, रबडी आहे, मूगडाळीचा शिरा आहे. जलेबा म्हणजे जिलबीचा थोरला भाऊ. एकट्याने एक संपवणे कठीण! शिकंजी मागितली तर लिंबाचे सरबत मिळेल असे समजू नका. इंदूरची शिकंजी आटवलेल्या दुधाची, सुका मेवा घातलेली, दाट असते.

तिथल्या पाट्या पुष्कळशा हिंदीत असतात. पण घाबरू नका. हिंदीची अक्षरे आपलीच आहेत. तुम्ही वर्गात गिरवलेला ‘क’ तिथेही ‘क’च आहे. जी अक्षरे आपण गावच्या शाळेत शिकलो, ती परमुलखातही उपयोगी पडतात. म्हणून आमचे सांगणे असे : खावे, पण वाचून खावे. चार गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली गोष्ट भावाची. पाटीवर १५० रुपये लिहिले आहेत. पण ते किलोचे की पाव किलोचे? पाव किलोचे असतील, तर किलोला ६०० रुपये पडतात. नुसता आकडा वाचू नका, त्यापुढचे अक्षरही वाचा.

दुसरी गोष्ट वजनाची. भाव ६०० रुपये किलो आहे. दुकानदाराने १०० ग्रॅमचा डबा धरून मिठाई तोलली. म्हणजे ६० रुपयांचा पुठ्ठा आपण मिठाईच्या भावाने घेतला! कायद्याप्रमाणे वजन मालाचेच धरायचे असते, डब्याचे नाही. तेव्हा भांडू नका, गोड शब्दांत सांगा, “भाऊ, आधी रिकामा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, मग मिठाई भरा.”

तिसरी गोष्ट तारखेची. दुधाची आणि खव्याची मिठाई लवकर उतरते. शिळी मिठाई खाऊन पोरेबाळे आजारी पडतात. सुट्या मिठाईच्या ताटापाशी ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्याजोगी आहे हे लिहायचे, असा नियम देशभर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. तारीख लावलेली नसेल, तर विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

चौथी गोष्ट वर्खाची. मिठाईवर चांदीचा वर्ख लावतात. कोणी लबाड चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा वर्ख लावतो. तो पोटात जाणे चांगले नाही. वर्ख थोडा बोटांच्या चिमटीत चोळून पाहा. चांदीचा असेल तर विरून जातो. ॲल्युमिनियमचा असेल तर त्याच्या बारीक गोळ्या होतात.

पूर्वी आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा होई. सोने घेताना आपण गुंजभरही कमी चालवून घेत नाही. पण सोने घेतो कधी? लग्नाकार्याला. खाऊ मात्र दर बाजाराला, दर जत्रेला घेतो. तिथेच थोडे थोडे करून खूप जाते. जेजुरीचा पेढा असो, गावच्या बाजारातली जिलबी असो, की इंदूरचा मालपुवा असो, नियम एकच. पाटी वाचा, काटा पाहा, तारीख विचारा. मग पोटभर खा आणि घरच्यांसाठीही बांधून न्या.

वाचा आणि सांगा
१. सराफा बाजारात दिवसा काय विकतात? रात्री काय विकतात?
२. मिठाई ४०० रुपये किलो आहे. ५० ग्रॅमचा डबा धरून तोलली, तर आपले किती रुपये जातील?
३. तुमच्या गावच्या बाजारात जा. तीन दुकानांच्या पाट्या वाचा. भाव किलोचा आहे की पाव किलोचा, ते वहीत लिहून आणा.