‘टायबेरियन सन’ पुन्हा लावताना

साहित्य थोडंच लागतं. विंडोजचा कुठलाही साधा कॉम्प्युटर, माउस, बरे हेडफोन, अंधार करता येईल अशी खोली आणि सलग दोन तास. यातले दोन तास जमवणं सगळ्यात अवघड, पण तिथे काटकसर करू नका. जेवणानंतरच्या वीस मिनिटांत उरकावा असा हा गेम नाही.

लास वेगासच्या वेस्टवूड स्टुडिओजने १९९२ मध्ये ‘ड्यून टू’ काढला आणि तळ उभारा, खनिज वेचा, सैन्य करा, चाल करून जा, असा एक शिरस्ताच पडला. १९९५ मध्ये त्यांचाच ‘कमांड अँड कॉंकर’ आला. त्याच्या गोष्टीत इटलीतल्या टायबर नदीच्या काठी एक उल्का पडते आणि तिच्यातून टायबेरियम नावाचं हिरवं स्फटिक जमिनीत पसरू लागतं. ऑगस्ट १९९९ मधला ‘टायबेरियन सन’ हा त्याचा पुढचा भाग. यातली गोष्ट २०३० सालची. टायबेरियम सगळीकडे फोफावलंय, हवा बिघडलीय, आणि उरल्यासुरल्या भूमीसाठी जीडीआय आणि नॉड या दोन फौजा झगडताहेत.

मी तो पहिल्यांदा २००० साली मामेभावाच्या कॉम्प्युटरवर खेळलो आणि हिरमुसलो. पहिल्या भागासारखी धावपळ नाही, गाड्या एकमेकींच्या वाटेत अडकून बसतात, आणि जिकडे बघावं तिकडे तिन्हीसांजेचा उजेड. गेल्या वर्षी पुन्हा लावला तेव्हा उमगलं की या गेममध्ये डोळे भरून बघायची ती जमीन. खालची सगळी कृती ती जमीन नीट दिसावी एवढ्याचसाठी आहे.

आधी गेम मिळवा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने फेब्रुवारी २०१० मध्ये ‘टायबेरियन सन’ आणि त्याची पुरवणी ‘फायरस्टॉर्म’ हे दोन्ही फुकट खुले केले. सीएनसीनेट नावाच्या मंडळातली हौशी माणसं ही प्रत आजच्या विंडोजवर चालेल अशी राखून आहेत. २०२४ पासून दोन्ही गेम स्टीमवर विकतही मिळतात. कुठूनही घेतला तरी गेम तोच. जुनी सीडी कपाटात सापडली तर आठवण म्हणून जपा, इन्स्टॉल मात्र ताज्या प्रतीवरून करा.

आता चित्र लावायचं. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. गेम उघडल्यावर मेन्यू अडखळत असेल, रंग विचित्र दिसत असतील, तर दोष तुमच्या मशीनचा नाही. हा गेम चित्र काढताना डायरेक्टड्रॉ या जुन्या पद्धतीवर विसंबतो आणि नव्या विंडोजला ती नीट पेलत नाही. सीएनसी-डीड्रॉ नावाची एक छोटी फुकट फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाका, ती मधल्या दुभाष्याचं काम करते. गेम आधीच सुरळीत चालत असेल तर या वाटेला जाऊ नका.

मग सन डॉट आयएनआय ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिच्यात व्हिडिओ या मथळ्याखाली स्क्रीनची रुंदी आणि उंची अशा दोन ओळी असतात. तिथे मॉनिटरचा पूर्ण आकडा टाकायचा मोह होईल. टाकून बघा: निम्मा नकाशा एकदम दिसतो आणि सैनिक मुंगीएवढे होतात. मॉनिटर १९२० बाय १०८० चा असेल तर ९६० आणि ५४० हे आकडे लिहा. बरोबर निम्मे. मग गेमचा एक ठिपका मॉनिटरचे नेमके चार ठिपके व्यापतो, कडा फुटत नाहीत, आणि चित्रकाराने ज्या मापात चित्र काढलं त्याच मापात ते दिसतं. माझ्याकडे दुसरा कुठलाही आकडा इतका देखणा बसला नाही.

वेगाची पट्टी मधोमध ठेवा. शेवटच्या खाचेवर आजचा प्रोसेसर गेमला असा पळवतो की तळावर हल्ला झालेला कळेपर्यंत तळ गेलेला असतो. स्क्रोलचा वेगही उतरवा. संगीत मात्र वाढवा. फ्रँक क्लेपॅकी आणि जॅरिड मेंडेलसन यांनी इथे ढोलताशे मागे ठेवलेत; ‘डस्क अवर’सारखा तुकडा वाजत असताना काहीही न करता नुसता नकाशा बघत बसावंसं वाटतं. बसा.

पुढची पायरी हाताची, आणि ती अंगवळणी पडायला अख्खी संध्याकाळ जाते. आजच्या बहुतेक गेममध्ये डाव्या बटणाने निवडायचं आणि उजव्याने हुकूम सोडायचा. इथे निवड आणि हुकूम दोन्ही डाव्या बटणावर. उजवं बटण दाबलं की निवड सुटते. पहिल्या दिवशी मी टायटन, म्हणजे जीडीआयचा पायांवर चालणारा रणगाडा, निवडला, पुलाकडे पाठवायला उजवं बटण दाबलं आणि टायटन जागच्या जागी. पुन्हा निवडला, पुन्हा सुटला. तोवर पुलापलीकडून नॉडच्या मोटारसायकली येऊन रॉकेटं टाकून गेल्या. यावर उपाय एकच: पहिलं मिशन जिंकायच्या नादाला लागू नका. चार सैनिक घ्या आणि त्यांना झाडापासून खडकापर्यंत, खडकापासून घरापर्यंत नुसतं फिरवा. बोटं आपोआप वळतात. कंट्रोल दाबून आकडा दिला की तुकडी ठरते, मग नुसता तो आकडा दाबला की तुकडी हाताशी. एक्स दाबलं की गर्दी पांगते. अरुंद वाटेत गाड्या अडकल्या की हीच कळ कामाला येते.

मिशनांच्या मधल्या फिल्म गाळू नका. जीडीआयच्या बाजूने जनरल सॉलोमन झालाय जेम्स अर्ल जोन्स, डार्थ व्हेडरचा आवाज ज्याचा तोच. कमांडर मॅकनीलच्या भूमिकेत ‘टर्मिनेटर’मधला मायकल बीन. नॉडचा म्होरक्या केन रंगवणारा जो क्युकन हा वेस्टवूडचाच माणूस. सेट आज जुने वाटतात, पण क्युकन थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलू लागला की मी अजूनही सरळ बसतो.

आता जमीन. पैसा येतो टायबेरियम वेचून. हार्वेस्टर हिरव्या स्फटिकाची एक भरलेली खेप रिफायनरीत रिकामी करतो तेव्हा ७०० क्रेडिट जमा होतात. निळं स्फटिक जास्त मोलाचं, पण ते स्फोटक असतं. त्याच्या जवळ लढाई होऊ देऊ नका. शेत मुळासकट खरवडू नका. थोडं राखलं की ते पुन्हा पसरतं. पायदळ त्यातून चालवलं तर माणसं हळूहळू मरतात, आणि मेलेल्याच्या जागी कधी कधी व्हिसरॉइड नावाचा लिबलिबीत गोळा सरपटू लागतो. तो एकदा तरी होऊ द्या आणि झूम नसलेल्या त्या चित्रात डोळे बारीक करून बघा. काही नकाशांवर तांबूस शिरा पसरलेल्या असतात. त्यांच्यावरून गाडी नेली की गाडी झिजते. तिथे पायदळ न्या.

चढउताराकडे लक्ष ठेवा. गाडी उतारावर चढली की खरोखर कलते. १९९९ साली हे साधायला वेस्टवूडने गाड्या व्हॉक्सेलच्या, म्हणजे बारीक घनांच्या, घडवल्या होत्या. मोठे स्फोट झाले की जमिनीला खड्डे पडतात, ते तसेच राहतात, आणि उंचसखल जागेवर इमारत उभी राहत नाही. म्हणून तळाच्या मोकळ्या जागेत फरसबंदी करून घ्या. ती खड्डे पडू देत नाही, आणि तिचा आणखी एक मोठा उपयोग आहे: नॉडची जमिनीखालून येणारी वाहनं फरसबंदी फोडून वर येऊ शकत नाहीत. मी ती कंटाळून टाळली होती. एका रात्री माझ्या कन्स्ट्रक्शन यार्डाशेजारी माती भुसभुशीत झाली, गाडी वर आली, आतून इंजिनियर उतरले आणि यार्ड त्यांचं झालं. तेव्हापासून वीजघरं झाली की आधी फरसबंदी.

बर्फाळ नकाशांवर गोठलेल्या पाण्यावरून जड गाड्या नेऊ नका. आधी तडा दिसतो, मग बर्फ फुटतो आणि गाडी आत जाते. ध्यानात राहावं म्हणून एकदा जुना रणगाडा मुद्दाम तिथे न्यायला हरकत नाही; आधी गेम सेव्ह करा.

मोहिमेच्या नकाशावर कधी कधी दोन वाटा समोर येतात. लांबची घ्या. उदाहरण नॉडचा सेनापती व्हेगा याच्या तळाचं. त्याच्यावर सरळ चालून जाता येतं, पण आधी धरण फोडण्याचं मिशन खेळलं तर तळाची वीज जाते. गेम असं काही ओरडून सांगत नाही. ते आपण जमीन वाचून हेरायचं.

जीडीआयची बाजू संपली की नॉडची घ्या, ‘फायरस्टॉर्म’ त्यानंतर. ही पुरवणी मार्च २००० ची, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मिशनं, आणि शत्रू कॅबल नावाची संगणकबुद्धी. पुरवणी अवघड आहे. मूळ गेम हातात बसण्याआधी तिला हात लावू नका.

एक मिशन मात्र वेगळं राखून ठेवा. जीडीआयच्या मोहिमेत अगदी शेवटाकडे ‘वेदर द स्टॉर्म’ येतं. त्याच्यासाठी रात्र निवडा, खोलीतला दिवा बंद करा. आयन वादळात कोडियाक हे मुख्य विमान कोसळलेलं असतं आणि वादळ ओसरेपर्यंत ते सांभाळायचं असतं. अशा वादळात रडार बंद पडतं, विमानांना उड्डाण नाही, सगळ्या नकाशावर एक जांभळट काळोख उतरतो आणि वीज चमकली की तेवढाच उजेड. कोडियाकभोवती टायटन लावा आणि थांबा. कोपऱ्यातला छोटा नकाशा काळा असल्यामुळे कोण कुठून येतंय ते फक्त जमिनीकडे बघून ओळखावं लागतं: कुठे माती हलली, कुठल्या टेकडीआड लाल ठिणगी दिसली. हेडफोन काढू नका, कारण पुष्कळदा आवाज आधी येतो आणि गाडी मागून.