खरेदी कोणाची : जाहिरातीची की आपली?

घरभेटींच्या वेळी आम्हांला एक तक्रार पुष्कळदा ऐकू येते : ‘फादर, घरात पैसा टिकत नाही.’ दोष कोणाचा, असे विचारले की बोट टीव्हीकडे किंवा मोबाईलकडे जाते. ‘जाहिराती माणसाला नको ते घ्यायला लावतात.’ उलट काही जण म्हणतात, ‘जाहिरात काही आपल्या खिशात हात घालत नाही.’ दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

१. जाहिरात इच्छा निर्माण करते का?

अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ साली असे मांडले की, उत्पादक केवळ माल बनवत नाही, तर त्या मालाची इच्छाही बनवतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे जपान. तेथे वाङ्‌निश्चयाला हिऱ्याची अंगठी देण्याची चाल नव्हती. १९६७ साली डी बिअर्स कंपनीची जाहिरात मोहीम सुरू झाली आणि १९८१ पर्यंत सुमारे ६० टक्के नववधूंच्या बोटांत हिरा आला. चौदा वर्षांत ‘परंपरा’ तयार झाली!

गालब्रेथ यांना १९६१ साली फ्रेडरिक हायेक यांनी उत्तर दिले. बहुतेक इच्छा आपण इतरांकडूनच शिकतो. पुस्तक वाचण्याची इच्छा घेऊन कोणी जन्माला येत नाही. म्हणून ती खोटी ठरत नाही. तेव्हा इच्छा कोठून आली एवढ्यावरून जबाबदारी ठरत नाही. त्या इच्छेचे आपण काय करतो, हे पाहावे लागते.

२. इच्छा आणि होकार

संत थॉमस अक्वायनस सांगतात की, मोह बाहेरून मन वळवू शकतो, पण इच्छाशक्तीला भाग पाडू शकत नाही. मात्र भावनेच्या भरात विवेक झाकोळला की कृतीतील स्वेच्छा उणावते, हेही ते मान्य करतात.

विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. इच्छा आणि होकार यांमध्ये विचाराला जो वेळ लागतो, तोच त्याला नको असतो. म्हणून ‘आज शेवटचा दिवस’, ‘दोनच नग शिल्लक’, ‘आता घ्या, पैसे नंतर भरा’. शून्य टक्के व्याजाचे हप्ते पाहा. अशी कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते, किंवा रोखीवर मिळणारी सूट आपण गमावतो.

३. कोणाची जबाबदारी किती?

जाहिरातींतील नीतिमत्तेविषयी व्हॅटिकनने १९९७ साली एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी ही तीन तत्त्वे त्यात सांगितली आहेत. जाहिरात म्हणजे समाजाचा निव्वळ आरसा, हा बचाव त्यात मान्य केलेला नाही. आपल्या देशात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खोटे बोलणाऱ्याला ‘ग्राहकाने पाहून घ्यावे’ असे म्हणून सुटता येणार नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. थांबून विचार करण्याचे बळ त्यांच्यात अजून आलेले नसते. ते बळ त्यांना देणे हे आईवडिलांचे काम आहे.

पण आपल्या घरांवरील मोठी कर्जे बहुधा कोठून येतात? लग्न, साखरपुडा, मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची मेजवानी. यांतल्या पुष्कळ खर्चाची जाहिरात कोणत्याही कंपनीने केलेली नसते. शेजारचा मांडव हीच आपली जाहिरात, आणि आपला मांडव ही पुढच्याची. ज्याला परवडत नाही तो ती पाहून पतपेढीची पायरी चढतो. येथे आपण केवळ ग्राहक नाही, जाहिरातदारही आहोत.

म्हणून मोठ्या खरेदीपूर्वी आठ दिवस थांबावे. सर्व हप्ते व शुल्क मिळून होणारी रक्कम कागदावर लिहावी आणि ती पतीपत्नी दोघांनी पाहावी. मुलाला ‘नाही’ म्हणताना कारणही सांगावे.

कुटुंबात चर्चेसाठी :
१) गेल्या वर्षी हप्त्यावर घेतलेली कोणती वस्तू आज पडून आहे?
२) आपल्या घरच्या समारंभातील कोणता खर्च केवळ लोकांसाठी होता?
३) तो कमी केला, तर शेजाऱ्याचे ओझेही हलके होईल का?