अदृश्य किरणांपासून रक्षण

घरी बनविलेल्या प्रोजेक्टरमध्ये प्रखर दिव्याचा प्रकाश एलसीडी पटलातून आरपार जातो व पुढील भिंग पटलावरील चित्र मोठे करून भिंतीवर पाडते. या कामी पूर्वी बहुधा मेटल हॅलाइड दिवा वापरत. त्याच्या प्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही असतात.

जांभळ्या रंगापलीकडील हे किरण योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली शोधून काढले. जेथे कोणताच रंग दिसत नव्हता, तेथेच सिल्व्हर क्लोराइड लवकर काळे पडते, असे त्यास आढळले.

हे किरण चित्राच्या उजेडात काडीचीही भर घालीत नाहीत; पटलातील नाजूक पदार्थांचे रेणू मात्र ते तोडतात. मग चित्र पिवळे पडते, आणि एकदा बिघडलेले पटल पुन्हा सुधारत नाही.

म्हणून दिवा व पटल यांच्यामध्ये अतिनील किरण अडविणारी खास काच बसवावी. खिडकीची साधी काच पुरेशी नसते. ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे बरेचसे किरण तिच्यातून निसटतात. उष्णतेसाठी पंखा निराळा हवाच.

उघड्या दिव्याकडे मात्र कधीही पाहू नये. पटल नवे आणता येते. डोळे नवे आणता येत नाहीत.