उसाच्या रसाचा सिरका: आंबवणे कुठवर न्यावे

नाताळ जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. परदेशी गेलेले किंवा गोव्याकडचे नातेवाईक घरीच बीअर करतात, त्याचे फोटो पाठवतात. मग आपल्या दारात ऊस आहे, यीस्ट बाजारात मिळते, तर आपण का करू नये? तरुण मंडळी हे विचारतात तेव्हा त्यांना नुसते दटावून गप्प करण्यापेक्षा नीट उत्तर द्यावे, असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट कायद्याची. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाल्यावर इथे तसाच चालू राहिला. परवान्यावाचून मादक पेय करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्या घरी पिण्यासाठी का असेना. दारू गाळणाऱ्याला आता दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रात किंवा गोव्यात पाहिलेली गोष्ट कोसाडला आणून चालत नाही. मिस्सेच्या द्राक्षारसाची गोष्ट निराळी. पवित्र विधीसाठी कायद्यात वेगळी परवानगी आहे, आणि तो कोणी स्वयंपाकघरात करीत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत लठ्ठा पिऊन शंभरावर माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत चाळीसहून अधिक गेली. त्या वेळी कारखान्यातले मिथेनॉल पाण्यात मिसळून दारू म्हणून विकले होते. उसाचा रस नुसता आंबला म्हणून त्यात मारक इतके मिथेनॉल तयार होत नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण खोटी भीती घालून कोणी सुधारत नाही. पण चोरून मिळणाऱ्या बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसेवर बसते. पिल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पोटात कळ, ओकारी, डोळ्यांपुढे धुके आले, तर झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना काय प्यायले ते खरे सांगावे. पोलिसांच्या भीतीने ते लपवले तर उपचाराला उशीर होतो, आणि त्या उशिरात दृष्टी किंवा जीव जातो.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे येऊ. आंबवण्याची हौस वाईट नाही. ती सिरक्याकडे वळवावी. आपल्या सुरत जिल्ह्यात हे काही नवे नाही. शेजारच्या नवसारीत कोलाह या पारशी घराण्याचा उसाचा सिरका १८८५ पासून प्रसिद्ध आहे, आणि पारशी लोणच्यांचा जीव त्या सिरक्यातच असतो. सायण आणि कामरेजच्या सहकारी कारखान्यांना ऊस घालणाऱ्या घरी दहा-बारा कांड्या मागे राहतातच. वसईकडून आलेल्या घरांत तर सिरक्यावाचून सणाचे जेवण होत नाही. रूथच्या ग्रंथातही कापणीच्या शेतात बवाज तिला भाकर सिरक्यात बुडवून खायला सांगतो. म्हणजे शेतकऱ्याच्या शिदोरीत हा पदार्थ फार जुना आहे.

यात दोन कामे आहेत. रसातील साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल करते. मग हवेच्या साहाय्याने दुसरे जंतू त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. हे दुसरे काम जिवंत जंतू करतात हे लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले. बीअर करणारा पहिल्या कामावर थांबतो आणि हवा आत येऊ नये म्हणून धडपडतो. सिरका करणाऱ्याने थांबायचे नाही आणि हवा अडवायची नाही. बहुतेक चुका या एका फरकाचा विसर पडल्याने होतात.

चार लिटर रसासाठी नऊ-दहा किलो ऊस लागतो. ऊस त्याच दिवशी तोडलेला हवा. तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसात एक जंतू साखरेचा चिकट गोंद करतो आणि रस तारेसारखा ओढला जातो. आतून लाल पडलेला, आंबूस वास येणारा ऊस तर मुळीच घेऊ नये. रस गाळून स्टीलच्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावा व वर येणारा मळ झाऱ्याने काढत राहावे. गुऱ्हाळात मळ धरण्यासाठी भेंडीचा चिकट रस घालतात, तो इथेही चालतो. मात्र चुना घालू नये, कारण पुढे होणारे आम्ल तो मारतो. मग त्यात दोन लिटर उकळलेले पाणी मिसळावे. पाणी कशाला, असे पुष्कळांना वाटते. आपल्या उसाच्या रसात शेकडा सतरा-अठरा साखर असते. ती सगळी आंबली तर अल्कोहोल इतके होते की सिरक्याच्या जंतूंना ते जड जाते. पाणी घातल्यावर साखर बाराच्या आसपास येते आणि शेवटी चार-पाच टक्के आम्लाचा सिरका उतरतो.

रस कोमट झाला की चिनी मातीच्या किंवा काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत ओतावा. बरणीचा तिसरा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, लोखंड यांचा स्पर्श नको. जुन्या झिलईच्या मातीच्या भांड्यातूनही शिसे उतरण्याची भीती असते. फुग्यांच्या पिठात घालतो तेच कोरडे यीस्ट पाव चहाचा चमचा घालावे, आणि त्याच दिवशी सहाशे मिली जुना कच्चा सिरका ओतावा. हा सिरका आम्ही मुद्दाम पहिल्या दिवशी घालायला सांगतो. त्यामुळे कुजवणारे जंतू वाढत नाहीत, आणि मधल्या दिवसांत बरणीत जे असते ते कोणाला पिण्याजोगे राहत नाही. त्या दिवसांत त्यात अल्कोहोल असतेच, म्हणून बरणी मुलांच्या हाती लागू देऊ नये. हा प्रमाणाचा हिशेब घरच्या लोणच्यापुरता आहे. मोठ्या प्रमाणावर किंवा विक्रीसाठी करणाऱ्याने आधी नशाबंदी खात्यात विचारावे आणि अन्न परवाना काढावा.

बरणीच्या तोंडावर दुहेरी पातळ कापड दोरीने घट्ट बांधावे; झाकण लावू नये. आम्ही पहिल्या वर्षी धुळीच्या भीतीने फिरकीचे झाकण आवळले. तिसऱ्या रात्री ते उडाले आणि फेस छतापर्यंत गेला. तो डाग अजून आहे. पहिला आठवडा बुडबुडे येतात, मग शांत होते आणि आंबट वास सुरू होतो. बरणी उन्हात नको, पण थंड कोपऱ्यातही नको. तीन राजांच्या सणाच्या सुमारास घातलेला सिरका कैऱ्यांच्या दिवसांपर्यंत तयार होतो. घाई करणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये.

आता बिघाडांविषयी. सर्वांत जास्त तक्रार अशी की महिना झाला तरी आंबटच होत नाही. बहुतेक वेळा दुकानातला सिंथेटिक सिरका घातलेला असतो. तो आम्लात पाणी घालून केलेला असतो, त्यात जिवंत जंतू नसतात. कोणाच्या घरचा कच्चा सिरका मिळवावा. ज्या बाटलीवर ‘मदर’ असे छापलेले असते तो सफरचंदाचा सिरकाही चालतो. दुसरे कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन. म्हणून पाणी उकळूनच घ्यावे.

वर साय आली की बायामाणसे घाबरतात. गुळगुळीत, ओलसर, चामड्यासारखी अर्धपारदर्शक साय ही सिरक्याची आई; तिला हलवू नये, जपावे. पांढरी, कोरडी, सुरकुतलेली साय आली तर ती दुसरे यीस्ट आहे. ती काढून टाकावी आणि थोडा कच्चा सिरका आणखी घालावा. हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी दिसली तर मोह न धरता सगळे खताच्या खड्ड्यात ओतावे. नखांच्या रंगाचा उतारा असतो तसा वास आला तर हवा कमी पडते आहे. बरणी अधिक रुंद घ्यावी आणि थांबावे, वास बहुधा जातो. चिलटे कापडाला चिकटली तर कापड बदलावे, कारण एखादे आत गेले की अळ्या होतात.

झाला की नाही हे जिभेवर ठरवू नये. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरचे नितळ पाणी घ्यावे. काचेच्या पेल्यात एक लहान चमचा सिरका, त्यात चिमूटभर हळद. त्यावर चुन्याची निवळी त्याच चमच्याने एकेक करून घालावी आणि हळद लाल होईपर्यंत चमचे मोजावेत. हेच दुकानच्या चार टक्के लिहिलेल्या सिरक्यावर करून पाहावे. त्याला साधारण सोळा-सतरा चमचे लागतात. आपल्याला तितके किंवा अधिक लागले तर लोणच्याला योग्य. दहावरच हळद लाल झाली तर आणखी पंधरा दिवस ठेवावा. विक्रीच्या आंबवलेल्या सिरक्यात किमान ३.७५ टक्के आम्ल असावे असा सरकारी नियम आहे. त्याहून हलक्या सिरक्यात घातलेले लोणचे बुरसते, आणि मग दोष कैरीला दिला जातो.

तयार झाल्यावर तसाच उघडा ठेवणे ही शेवटची चूक. अल्कोहोल संपले की तेच जंतू आम्ल खाऊ लागतात आणि तीन महिन्यांची मेहनत पाण्यासारखी फिकी होते. म्हणून गाळून, सत्तर अंशांपर्यंत, म्हणजे वाफ येऊ लागेल पण उकळी फुटणार नाही इतका, पाच मिनिटे तापवावा आणि बाटल्या गळ्यापर्यंत भरून बुचे घट्ट लावावीत. पुढच्या वर्षासाठी सहाशे मिली न तापवता आईसकट वेगळा ठेवावा. मिस्सेचा द्राक्षारस उघडा राहून असा आंबट झाला तर तो वेदीवर चालत नाही, हे सॅक्रिस्टीत काम करणाऱ्यांना ठाऊक असतेच.

प्रकृतीविषयी थोडे. रोज सकाळी सिरका पिऊन मधुमेह जातो असे हल्ली फार ऐकू येते. तसे समजून कोणी गोळ्या बंद करू नयेत. नुसता सिरका घशाला भाजतो आणि दातांचा लुकण झिजवतो. पोटात व्रण असलेल्यांनी तर दूरच राहावे. तो कांद्यावर, मासळीवर, लोणच्यात घालावा. ज्यांना कच्चा सिरका हवा आहे त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर रिकामी काचेची बाटली घेऊन यावे. आमच्या बरणीत आई चांगली धरली आहे.