भाजीपाल्याची रोपे : रोपवाटिकेचे अर्थकारण

संकरित बियाणे महागले, तसे टोमॅटो व मिरचीचे रोप मोकळ्या गादीवाफ्यावरून शेडनेटमधील ट्रेमध्ये आले. निर्जंतुक कोकोपीटच्या प्रत्येक कप्प्यात एकच बी पेरले जाते. त्यामुळे बियाण्याची बचत होते, मर रोग घटतो आणि पुनर्लागवडीत मुळे दुखावत नाहीत. विषाणूवाहक पांढरी माशी रोखण्यासाठी मात्र केवळ सावलीची जाळी पुरेशी नसते; बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळीच लागते.

महाराष्ट्राने २०२०-२१ मध्ये अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेद्वारे अशा उभारणीस अनुदान दिले. परंतु जोखमीचा प्रश्न उरतोच. भलत्याच वाणाचे रोप फळधारणेवेळी उघड होते. तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. १९६६ च्या बियाणे कायद्याने 'बियाणे' या व्याख्येत रोपांचाही समावेश केला. तथापि किमान गुणवत्तेची सक्ती अधिसूचित वाणांपुरतीच ठेवली. बाजारातील अनेक खासगी संकरित वाण या कक्षेबाहेर राहिले.